सुगीच्या दिवसांत डोळ्यांना सुटणारी खाज आणि तिच्यावरचा उतारा

मराठवाड्यात सोयाबीनच्या गंजी मोडून मळणीला सुरुवात झाली, की गावोगावच्या मेडिकलवर एक वाक्य हमखास कानी पडते : ‘दादा, डोळे लई खाजायलेत, एखादा ड्रॉप द्या.’ मागणारा कधी हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, सोयाबीन लोटणारा मजूर असतो, कधी मोंढ्यातील (धान्याच्या बाजारातील) हमाल, तर कधी शेतीशी संबंध नसलेला, पण रोज दुचाकीवरून लातूर-औसा ये-जा करणारा शिक्षक. दुकानदार एक छोटी बाटली पुढे करतो. तिच्यावर काय लिहिले आहे हे बहुधा दोघांपैकी कोणीच वाचत नाही, आणि संध्याकाळपर्यंत खाज थांबली, की ते वाचण्याची गरजही उरत नाही. हंगामी ॲलर्जीची खाज आपण होऊन क्वचितच दृष्टीला धक्का लावते. धक्का लागतो तो पुष्कळदा डोळे चोळणाऱ्या हातामुळे आणि अशा न वाचलेल्या बाटलीमुळे. म्हणून पुढे उपाय सांगताना या दोन गोष्टींकडे सर्वाधिक लक्ष दिले आहे.

खाज उठते कशी

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूस एक पातळ, ओलसर आवरण असते. परागकण, बुरशीची बीजे किंवा भुसकटाची धूळ त्यावर बसली, तर बहुतेकांच्या डोळ्यांना थोडे पाणी येऊन ती वाहून जाते. ज्यांच्या शरीराने मात्र अशा एखाद्या कणाला शत्रू ठरवून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे आधीच तयार करून ठेवलेली असतात, त्यांच्या डोळ्यांतील मास्ट पेशी तो कण पोहोचताच आपला साठा रिकामा करतात आणि त्यातून हिस्टामिन नावाचे रसायन बाहेर पडते. हिस्टामिनमुळे खाज सुटते, रक्तवाहिन्या रुंदावून डोळे लाल होतात आणि पापण्या जड पडतात. हे सारे काही मिनिटांत घडते. पण काही तासांनी, रक्तातील दुसऱ्या पेशी तेथे जमल्यावर, त्रासाची दुसरी लाट येऊ शकते. सकाळी मळणी उरकून, अंघोळ करून घरात बसलेल्या माणसाचे डोळे दिवेलागणीला पुन्हा का खाजू लागतात, त्याचे एक कारण हे आहे.

डोळे चोळल्याने क्षणभर फार बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मास्ट पेशी घर्षणानेही रिकाम्या होतात. म्हणजे चोळणारा माणूस स्वतःच्या हाताने आणखी हिस्टामिन सोडवून घेत असतो आणि थोड्याच वेळात खाज पहिल्यापेक्षा वाढते. वर्षानुवर्षे जोराने चोळण्याची सवय लागलेल्या डोळ्यात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जाऊन शंकूच्या आकाराने पुढे येऊ शकतो. केरॅटोकोनस नावाच्या या विकारात चष्म्याचा नंबर सारखा बदलत राहतो आणि पुढे साध्या चष्म्याने नीट दिसेनासे होते. आमच्याकडे पुरुषांच्या खांद्यावर किंवा खिशात दस्ती असतेच. तिने मानेचा घाम पुसला जातो, ट्रॅक्टरची सीट झटकली जाते, तोंडावर धूळ येऊ नये म्हणून तीच बांधली जाते आणि मग तिच्याच कोपऱ्याने डोळ्याचा कोपराही कुरवाळला जातो. त्या कापडात दिवसभराची सारी धूळ बसलेली असते. सुगीच्या दिवसांत डोळ्यांसाठी एक वेगळा, रोज धुतलेला मऊ रुमाल जवळ बाळगावा आणि त्यानेही चोळू नये, केवळ टिपावे.

ही खाज ॲलर्जीचीच आहे ना

ॲलर्जीची खाज बहुधा दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी सुटते, पाणी स्वच्छ येते, फार तर पांढरट तारेसारखा चिकट स्राव दिसतो, आणि सोबतीला शिंका, वाहते नाक किंवा टाळूला सुटलेली खाज असते. दरवर्षी त्याच महिन्यात त्रास सुरू होणे ही तर जवळजवळ खूणगाठच समजावी. डोळे येतात तेव्हा चित्र वेगळे असते : बहुधा एका डोळ्याला आधी लागण होऊन मग दुसऱ्याला होते, सकाळी पापण्या चिकटतात, खाजेपेक्षा टोचणी जास्त असते आणि घरातील दोघा-तिघांना तोच त्रास असतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती, ती अशी संसर्गाची होती. ॲलर्जी मात्र कोणाला लागत नाही. त्यामुळे केवळ खाज येणाऱ्या मुलाला शाळेतून घरी पाठवण्याचे कारण नाही.

दुपारी उन्हातून आल्यावर किंवा तासन्‌तास मोबाइल पाहिल्यावर डोळे चुरचुरत असतील, पण खाज फारशी नसेल, तर डोळ्यांच्या कोरडेपणाचा विचार करावा. एकाच डोळ्यात अचानक खुपू लागले, तर आत काही अडकले असण्याची शक्यता मोठी आहे. हरभरा उपटताना हाताला लागलेली आंब डोळ्याला लागली तर झोंबते आणि लाली येते, पण ती आम्लाने झालेली जळजळ आहे. तेथे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे हाच पहिला उपाय.

डोळ्याच्या आत नव्हे, तर पापण्यांच्या कातडीवर खाज येऊन ती कोरडी, जाडसर आणि काळपट होत असेल, तर गाजर गवतावर संशय घ्यावा. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, आता बांधावर, रेल्वेमार्गाकडेला आणि घरांच्या मोकळ्या प्लॉटवर सर्वत्र आहे. त्याच्या वाळलेल्या कणांनी कातडीलाही ॲलर्जी होते आणि अशा वेळी डोळ्यांच्या थेंबांचा उपयोग थोडा असतो; तेथे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे लागते.

कोणत्या महिन्यात काय उडते

सुंदर, वासाची फुले बहुधा निर्दोष असतात, कारण त्यांचे पराग जड आणि चिकट असून ते मधमाशा वाहून नेतात. हवेत उडतात ते गवतांचे, काटेमाठासारख्या तणांचे, एरंडाचे आणि ज्यांची फुले आपल्या डोळ्यांत भरतही नाहीत अशा वनस्पतींचे पराग. ऑगस्टच्या अखेरीपासून हराळी, कुंदा आणि इतर गवते फुलोऱ्यात येतात, गाजर गवतही भरात असते. पाऊस उघडून कोरडा वारा सुटला, की या पराग-हंगामाचा खरा जोर जाणवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यावर सोयाबीनच्या मळणीची धूळ चढते. परतीच्या पावसात भिजलेल्या शेंगांवर काळी बुरशी धरली असेल, तर हडंब्यातून निघणाऱ्या धुळीत टरफलाच्या कणांबरोबर बुरशीची बीजेही असतात, आणि माझ्या मते मराठवाड्यातील वर्षातला हा सर्वांत वाईट काळ. सोयाबीनच्या धुळीला हलके मानू नये. १९८० च्या दशकात स्पेनमधील बार्सिलोना शहरात एकाएकी दम्याचे अनेक रुग्ण एकाच दिवशी रुग्णालयात येण्याचे प्रकार वारंवार घडत होते; शोध घेतल्यावर बंदरात सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ हे कारण निघाले आणि कोठाराला गाळण्या बसवल्यावर ते प्रकार थांबले. आपल्याकडे ती धूळ बंदरात नव्हे, तर शेतात, घराच्या अंगणात आणि मोंढ्यात उडते, एवढाच फरक.

पुढे जानेवारीच्या आगेमागे तुरीची मळणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि तिची अंगभर खाजवणारी कूस, आणि उन्हाळ्यात वावटळींची माती. ज्याला त्रास होतो त्याने एका साध्या दिनदर्शिकेवर खाज आली त्या दिवशी खूण करावी आणि शेजारी त्या दिवसाचे काम एका शब्दात लिहावे. असे वर्षभर केले, तर कारण कळण्यासाठी महागड्या तपासणीची गरज अनेकदा पडत नाही.

खाज उठली असता तत्काळ करावयाचे

पहिले काम धुळीपासून दूर जाणे, दुसरे हात साबणाने धुणे आणि तिसरे चेहरा, भुवया व मिटलेल्या पापण्या पाण्याने धुणे. भुवया आणि पापण्यांच्या केसांत धूळ अडकलेली असते, ती निघाली नाही तर पुढचे सर्व उपाय अर्धवट ठरतात. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात ‘वारंवार तोंड धुवा’ हा सल्ला कोणाला चैनीचा वाटेल; पण यासाठी तांब्याभर पाणी पुरते. मात्र ते पिण्याजोगे स्वच्छ असावे, हौदातले किंवा जनावरांच्या टाकीतले नसावे.

त्यानंतर थंड पट्टी ठेवावी. फ्रिज नसेल तर माठातले पाणी उत्तम. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा धुतलेला तुकडा त्यात बुडवून, पाणी टपकणार नाही इतका पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावा आणि कापड कोमट झाले की पुन्हा भिजवावे. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते आणि खाजेची जाणीव बोथट होते. दिवसातून चार वेळा केले तरी अपाय नाही. बर्फ थेट पापणीवर ठेवू नये, आणि एकाची पट्टी दुसऱ्याने वापरू नये.

मेडिकलमध्ये कृत्रिम अश्रू म्हणून मिळणारे थेंब, ज्यांवर बहुधा कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के असे लिहिलेले असते, डोळ्यातील कण धुऊन काढतात आणि ओलावा देतात. त्यांत खाजेवरचे औषध नसते, म्हणून ते दिवसातून चार वेळाही घालता येतात. त्याहून अधिक वेळा लागत असतील, तर परिरक्षक (औषध टिकवणारे रसायन) नसलेले, एका वेळेपुरत्या छोट्या नळ्यांतले थेंब घ्यावेत. ते थंड जागी ठेवले तर घालताना अधिक आराम मिळतो.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी खाज असेपर्यंत चष्मा वापरावा.

मळणीवर, मोंढ्यात आणि घरात

हडंब्यावर काम करताना वाऱ्याची दिशा पाहून उभे राहणे हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. खळ्यावर वारवताना ते हेच करीत. यंत्र आल्यावर मात्र ते कोठे उभे करायचे हे रस्ता आणि ट्रॅक्टरची सोय पाहून ठरते, आणि भुसकटाचा झोत माणसांच्या तोंडावर येतो. यंत्र लावतानाच त्याचे भुसकट फेकणारे तोंड वारा जिकडे वाहतो तिकडे ठेवण्याचा आग्रह धरावा. ज्याला ॲलर्जी आहे त्याने शेंगा लोटण्याऐवजी पोती भरण्या-शिवण्याचे काम मागून घ्यावे, आणि तेही शक्य नसेल तर बाजूंनी बंद असलेला पारदर्शक गॉगल लावावा. वेल्डिंग आणि बांधकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो आणि साध्या उन्हाच्या चष्म्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतो, कारण धूळ समोरून कमी आणि बाजूने जास्त शिरते. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो.

घरी आल्यावर कामाचे कपडे बैठकीत किंवा खाटेवर टाकू नयेत. ते बाहेरच झटकून वेगळे ठेवावेत आणि जेवणाआधी अंघोळ करावी. तेल लावलेल्या केसांना धूळ चटकन चिकटते आणि रात्री ती उशीवर उतरते, म्हणून मळणीच्या दिवसांत रात्री झोपण्यापूर्वी केस धुवावेत, किमान ओल्या कापडाने पुसावेत आणि उशीची खोळ एक-दोन दिवसांनी बदलावी. पराग-हंगामात टॉवेल, चादरी आणि उशांच्या खोळी बाहेर वाऱ्यावर वाळत घातल्या, तर त्यांवरच पराग बसतात. त्या दुपारच्या उन्हात लवकर वाळवून, झटकून आत घ्याव्यात. वर्षभर माळ्यावर ठेवलेल्या वाकळा थंडी पडताच काढून तशाच अंगावर घेण्याची रीत डोळ्यांच्या दृष्टीने वाईट आहे, कारण त्यांत धुळीतील माइट नावाचे सूक्ष्म जीव वाढलेले असतात. वाकळ कडक गरम पाण्यात धुऊन, भर उन्हात पूर्ण वाळवून मगच वापरावी.

मार्चनंतरचा एक शत्रू घरातच असतो, तो म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओढून आत टाकतो आणि मागील वर्षीच्या वाळलेल्या गवताच्या ताट्यांत बुरशी धरलेली असेल, तर पहिल्याच दिवशी तिची बीजे खोलीभर पसरतात. हंगामाच्या सुरुवातीला नव्या ताट्या बसवाव्यात, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी आणि झोत चेहऱ्यावर येणार नाही असा ठेवावा, कारण सतत वाऱ्याने डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्याला ॲलर्जी अधिक झोंबते.

अंगणातील गाजर गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून फुले आल्यावर उपटण्यात निम्मा फायदा जातो. हे काम ॲलर्जी असलेल्याने स्वतः करू नये, आणि जो करील त्याने हातमोजे व पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. मेक्सिकन भुंगा नावाचा, हेच गवत खाणारा कीटक भारतात १९८४ मध्ये सोडण्यात आला होता आणि पावसाळ्यात तो गवतावर दिसतोही. पांढुरक्या पंखांवर काळ्या वेड्यावाकड्या रेषा असलेला हा भुंगा दिसला, तर त्याला मारू नये.

थेंब कोणते आणि कसे

वरच्या उपायांनी भागत नसेल, तर ॲलर्जीवरील थेंब लागतात आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावेत. ओलोपॅटाडिन, केटोटिफेन, बेपोटास्टिन आणि अल्काफ्टाडिन ही आज वापरात असलेली प्रमुख नावे. ही औषधे हिस्टामिनला अडवतात आणि मास्ट पेशी रिकाम्या होण्यासही आळा घालतात, त्यामुळे आराम काही मिनिटांत मिळतो आणि संरक्षणही टिकते. ओलोपॅटाडिन ०.१ टक्के असेल तर दिवसातून दोनदा आणि ०.२ टक्के असेल तर एकदाच घालतात, म्हणून बाटलीवरील टक्केवारी पाहणे आवश्यक आहे. सोडियम क्रोमोग्लायकेट हे जुने, स्वस्त आणि सुरक्षित औषध आहे. पण ते दिवसातून चार वेळा घालावे लागते, त्याचा परिणाम दिसायला कित्येक दिवस लागतात आणि उठलेली खाज ते झटकन थांबवत नाही. ज्याचा त्रास दरवर्षी मळणीबरोबर ठरलेला आहे, त्याने डॉक्टरांशी बोलून सप्टेंबरच्या मध्यापासूनच असे प्रतिबंधक थेंब सुरू करणे शहाणपणाचे ठरते. खाज उठल्यावर धावाधाव करण्यापेक्षा यात औषधही कमी लागते.

थेंब घालण्याची पद्धत मात्र बहुतेकांची चुकते. हात धुवावेत. मान मागे टाकून वर पाहावे, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून तिची खोबणी करावी आणि बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना न लावता त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते. दुसरा थेंब गालावरून वाहून जातो. मग डोळा अलगद मिटावा, मिचकावू नये, आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा, म्हणजे औषध नाकात उतरून घशात कडवट लागत नाही. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बाटली उघडली ती तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि महिना झाला की उरलेले औषध टाकून द्यावे. छापलेली अंतिम तारीख ही न उघडलेल्या बाटलीची असते.

नाकही वाहत असेल तर सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिनची गोळी उपयोगी पडते, परंतु केवळ डोळ्यांच्या खाजेसाठी थेंब अधिक लवकर आणि नेमके काम करतात. सेटिरिझिनने काहींना गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नये आणि हडंब्याजवळ तर उभेही राहू नये.

बाटलीवरचे नाव वाचण्याबद्दल

आता त्या न वाचलेल्या बाटलीकडे. मागितल्याबरोबर मिळणाऱ्या थेंबांमध्ये दोन प्रकार त्रासाचे असतात. पहिला, नॅफाझोलिनसारखी औषधे असलेले, डोळे झटकन पांढरेशुभ्र करणारे थेंब. ते रक्तवाहिन्या आकसवतात, पण काही दिवस सलग वापरले, की औषध उतरताच लाली पूर्वीपेक्षा जास्त येते आणि माणूस त्याच बाटलीला बांधला जातो.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे, तो स्टेरॉइडचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही त्यांची नावे. अनेकदा ती एखाद्या प्रतिजैविकाच्या जोडीने एकाच बाटलीत असतात, त्यामुळे ‘इन्फेक्शनचा ड्रॉप’ म्हणून ती बिनदिक्कत हातात पडते. खाज, लाली, सूज सारे काही ती विलक्षण वेगाने घालवते आणि धोका नेमका येथेच आहे. योग्य रुग्णाला, योग्य मुदतीपुरते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे औषध दृष्टी वाचवते, त्यामुळे त्याचे नाव ऐकताच घाबरण्याचे कारण नाही. परंतु स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे घातले, तर काहींच्या डोळ्यांतील दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, कळत नाही, आणि त्यातून होणाऱ्या काचबिंदूने कडेची नजर गेल्यावर ती कोणत्याही उपचाराने परत येत नाही. दीर्घकाळच्या वापराने मोतीबिंदूही होतो. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट अशी, की उसाचे पान, तुरीचे फणकट किंवा ज्वारीचे धांडे डोळ्याला लागून कॉर्नियावर बारीक ओरखडा पडला असेल, तर त्यात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. अशा डोळ्यात स्टेरॉइड गेले, तर बुरशीला मोकळे रान मिळते. खाज समजून थेंब घातले जातात, दोन दिवस बरे वाटते, आणि मग बुबुळावर पांढरे फूल पडून माणूस डॉक्टरांकडे पोहोचतो. म्हणून डोळ्याला काही लागल्यानंतर आलेली लाली ही ॲलर्जी समजून कधीही उपचार करू नयेत, आणि मागच्या वर्षीची किंवा शेजाऱ्याची बाटली कधीही वापरू नये.

बाटलीवरील अक्षरे फार बारीक असतात, ही तक्रार खरी आहे. मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा, किंवा दुकानदाराला सरळ विचारावे : ‘यात स्टेरॉइड आहे का?’ या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर बाटली परत करावी.

लहान मुलांच्या बाबतीत

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, उष्ण आणि कोरड्या हवेच्या प्रदेशांत ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार आढळतो, त्यास व्हर्नल केरॅटोकंजंक्टिव्हायटिस म्हणतात, आणि मराठवाड्याचा उन्हाळा त्याला पोषकच आहे. मूल सारखे डोळे मिचकावते, उन्हात डोळे उघडत नाही, डोळ्यांतून दोऱ्यासारखा चिकट स्राव येतो आणि बुबुळाच्या कडेला मळकट तांबूस कडे दिसते. शिक्षक त्याला अभ्यासाचा कंटाळा समजतात, घरचे मोबाइलला दोष देतात. हा विकार बहुतेक मुलांत वयात आल्यावर शमतो, पण तोवरची वर्षे जपून काढावी लागतात. कारण पापणीच्या आत वाढलेल्या खडबडीत गाठींनी कॉर्नियावर जखम होऊ शकते आणि केरॅटोकोनसचा धोकाही येथेच अधिक असतो. अशा मुलाला ‘चोळू नको’ एवढे रागावून भागत नाही. हाताशी थंड पट्टी द्यावी, टोपी आणि चष्मा द्यावा, झोपण्यापूर्वी थेंब घालावेत आणि दर काही महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. त्याच्यासाठी लिहून दिलेले स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीवरील तारखेपलीकडे एक दिवसही चालू ठेवू नयेत.

डोळ्यात काय घालू नये

मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, एरंडेल, आईचे दूध, घरी उकळून गाळलेला त्रिफळ्याचा काढा यांपैकी काहीही डोळ्याच्या आत घालू नये. ते निर्जंतुक नसते आणि चोळून आधीच सोललेल्या पृष्ठभागावर ते घालणे म्हणजे जंतूंना आमंत्रण. काही सुरम्यांत शिसे असते, त्यामुळे लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालण्याचा हट्ट सोडावा. काकडीचे थंड काप मिटलेल्या डोळ्यांवर ठेवण्यास हरकत नाही; ते थंड पट्टीचेच काम करतात, त्याहून अधिक काही नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, नजर अंधुक झाली आणि डोळे मिचकावूनही ती स्वच्छ होईना, एकाच डोळ्यात लाली राहिली, पू येऊ लागला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा पीक, काडी, खत अथवा फवारणीचे औषध डोळ्यात गेले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. फवारणीचे औषध किंवा चुना गेला असेल, तर निघण्यापूर्वी किमान पंधरा मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. यात विलंब झाला तर नंतरच्या उपचारांना मर्यादा पडतात. वरीलपैकी काहीही नसले, तरी योग्य थेंब आठवडाभर घालूनही खाज कमी होत नसेल, तर तपासणी टाळू नये.

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. जालन्याचे श्री गणपती नेत्रालय आणि उदगीरचे लायन्स नेत्र रुग्णालय ही नावेही या भागात परिचित आहेत. जाताना आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या सर्व बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत टाकून न्याव्यात, कारण ‘तो पांढऱ्या झाकणाचा ड्रॉप’ एवढ्या वर्णनावरून डॉक्टरांना काही कळत नाही. स्टेरॉइड महिन्याहून अधिक काळ घातले असल्याचे आढळले, तर डोळ्यांतील दाब मोजून घेण्याची विनंती आपण होऊन करावी. कातडीवरील ॲलर्जीची चाचणी ठरली असेल, तर सेटिरिझिनसारख्या गोळ्या किती दिवस आधी बंद कराव्या लागतील ते वेळ घेतानाच विचारून घ्यावे. अन्यथा चाचणीचा निकाल खोटा येतो आणि पुन्हा एकदा गाडीभाडे खर्चून जावे लागते.